आरोग्यसेवेचे शिक्षण आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणी विदुषी बोलावयास येतात. या वर्षी चिटणीसबाईंनी घरच्याच बाईला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या खेड्यात शाळा तेवढीच होती. पुढे शिकावयाचे तर रोज नांदुऱ्याला जावे लागे, आणि मुलीला एकटीला एसटीत बसवून देण्याची आमच्या घरी तेव्हा पद्धत नव्हती. अशा बाईने विद्यापीठ आणि पदव्या या विषयावर बोलावे म्हणजे पोहता न येणाऱ्याने नळगंगेचा पूर सांगावा तसे आहे, असे मी चिटणीसबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलीसाठी दोन वर्षे दारोदार जी विचारपूस केली ना, तेवढी सांगा. विदुषींना ती ठाऊक नसते." तेव्हा तेवढेच सांगणार आहे. भाषणाची सवय नाही. कोठे अडखळले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मलकापुरात आता दहावीला बरे गुण पडलेल्या मुलीला विज्ञान शाखेत घालतात, ही आनंदाची गोष्ट आहे. "पुढे काय करणार?" असे विचारले की आई सांगते, "डॉक्टर." यात वावगे काही नाही. पण त्या डॉक्टरकीची परीक्षा, जिला नीट म्हणतात, ती २०२४ साली साऱ्या देशात तेवीस लाखांहून अधिक मुलामुलींनी दिली; आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून लाखाहून थोड्याच अधिक. त्यांतल्या निम्म्या खाजगी महाविद्यालयांच्या, म्हणजे आपल्या ऐपतीबाहेरच्या. हा हिशेब मांडावयास सातवी पुरेशी आहे. वीस मुली परीक्षेला बसल्या तर एखादीचा नंबर लागावयाचा. मग उरलेल्या एकोणीसजणींचे काय?

आपल्या घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते. एक वर्ष पुन्हा परीक्षा, अकोल्याला किंवा लातूरला शिकवणी, खोलीचे भाडे, मेसचा डबा, दुसऱ्या वर्षीही गुण कमी पडले की वडील म्हणतात, "झाले एवढे पुरे, आता स्थळे पाहू." म्हणजे एका बाजूला डॉक्टरकी आणि दुसऱ्या बाजूला बोहले, मध्ये काही नाहीच! हुशार, मेहनती, दोन वर्षे जीवशास्त्र पाठ केलेली मुलगी, तिचे शिकलेले सारे आपण पाटावरवंट्याखाली घालतो. अशा मुलींच्या आया आज येथे बसल्या आहेत, म्हणून अधिक बोलत नाही. परंतु मध्ये काही नाही ही समजूत खरी नव्हे, आणि ती मला कशी कळली ते सांगते.

माझी मुलगी अकरावीत असताना आमच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांना अकोल्याला न्यावे लागले. अठरा दिवस मी त्यांच्या उशापायथ्याशी होते. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांचे उपकार आहेतच. पण ते सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा येत, पाच मिनिटे पाहत, दोन शब्द बोलत आणि पुढच्या खाटेकडे जात. त्यांना इतर चाळीस खाटा होत्या. बाकीच्या वेळी सासूबाईंपाशी कोण येई? पहाटे पाचला रक्त घ्यावयास एक मुलगी येई, अगदी आपल्या मुलींच्या वयाची. चाकाच्या खाटेवरून फोटो काढावयास नेले तेथे क्ष-किरण काढणारी दुसरी. रक्तपेढीतला मुलगा निराळा. शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या हाताशी यंत्रे सांभाळणारा निराळा. औषधाच्या खिडकीत चिठ्ठी वाचून "ही गोळी उपाशीपोटी द्यायची नाही बरं का" असे बजावणारी निराळी. काय खावे, किती मीठ घालावे हे सांगणारी आहारतज्ज्ञ बाई निराळी. आणि रात्रभर जाग्या असणाऱ्या सिस्टर.

तिसऱ्या दिवशी बाळापूरकडची एक मुलगी आली. ती फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामाने व हालचालीने हातपाय पुन्हा कामाला लावणारी. "आजी, पाय खाली सोडा," म्हणाली. सासूबाईंनी तिला जी लाखोली वाहिली ती मला या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. ती मुलगी हसली आणि उद्या येते म्हणाली. नवव्या दिवशी सासूबाई सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसू लागल्या, "ती पोरगी आली नाही का अजून?" आज त्या स्वतःच्या पायांनी तुळशीला पाणी घालतात. हाड डॉक्टरांनी जोडले. चालावयास त्या मुलीने लावले.

रिकामपणी मी बोटांवर मोजले. एका म्हातारीच्या एका खुब्यामागे चौदा माणसे होती. त्यांत डॉक्टर तीन. आणि चौदांपैकी नऊ बायका. मग मी एकेकीला गाठून विचारू लागले: तू काय शिकलीस, किती वर्षे लागली, खर्च किती आला? एकीनेही तोंड वेंगाडले नाही. वहीत लिहून घेत गेले. ती वही आज बरोबर आणली आहे.

आता त्या वहीतले सांगते. आपल्या राज्यात या सर्व शिक्षणासाठी १९९८ साली नाशिकला वेगळे विद्यापीठ स्थापन झाले, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पूर्वी अमरावती, नागपूर अशा सर्वसाधारण विद्यापीठांकडे वैद्यकीय महाविद्यालये असत, आता एम.बी.बी.एस., दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी यांची राज्यातील बहुतेक महाविद्यालये त्या एका विद्यापीठाला जोडलेली आहेत. शिक्षणासाठी नाशिकला जावे लागते असे नाही. परीक्षा आणि पदवी त्या विद्यापीठाची, शिकणे जवळच्या महाविद्यालयात.

आणि जवळ म्हणजे किती जवळ ते पाहा. आपल्या स्टेशनातून एका दिशेला गेले की जळगाव, दुसऱ्या दिशेला अकोला; मोताळ्यावरून राजूर घाट चढला की बुलडाणा. अकोल्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ सालचे, जळगावचे २०१८ चे, आणि बुलडाण्याचे २०२४ साली शंभर जागांनिशी सुरू झाले. आपण मलकापूरकर तिन्हींच्या मध्ये बसलो आहोत. आमच्या लहानपणी वैद्यकीय शिक्षण म्हटले की नागपूर किंवा मुंबई एवढेच ऐकू येई.

नीटबद्दल एक गोष्ट पुष्कळ आयांना ठाऊक नसते. ती परीक्षा एकट्या एम.बी.बी.एस.ची नव्हे. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, इतकेच नव्हे तर आपल्या राज्यात फिजिओथेरपीचे प्रवेशही त्याच गुणांवर होत आले आहेत. म्हणून "एम.बी.बी.एस.ला लागत नाही" एवढ्यावरून गुणपत्रिका पेटीत टाकू नये. आणखी, प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अर्ज भरताना तसे निवडावे लागते. ज्या मुली मराठीतून शिकल्या आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे, मात्र पुढे महाविद्यालयातील पुस्तके इंग्रजीतच आहेत, तेव्हा इंग्रजीची भीती काढणे चुकत नाही. राज्याच्या सरकारी महाविद्यालयांत मुलींसाठी तीस टक्के जागा राखून असतात, हेही लिहून ठेवावे.

एम.बी.बी.एस.ला साडेपाच वर्षे लागतात, त्यात शेवटचे वर्ष रुग्णालयात काम करण्याचे. आयुर्वेद व होमिओपॅथीही तितकीच. फिजिओथेरपीला साडेचार ते पाच. ज्यांची मुलगी खरोखर त्या योग्यतेची आहे त्यांनी तिला डॉक्टरच करावे. मी कोणाचे मन मोडावयास उभी नाही. आपल्या शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे रेल्वेतल्या नोकरदाराचा मुलगा. नागपुरास शिकून मेळघाटातल्या बैरागडला गेले आणि डॉ. स्मिताताईंसह तेथेच राहिले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. अशी माणसे आपल्या दोन स्टेशने पलीकडून निघाली आहेत. परंतु सगळ्यांचाच नंबर लागत नाही, आणि ज्यांचा लागत नाही त्या काही कमी नव्हेत.

नर्सिंगविषयी मात्र मला थोडे सविस्तर बोलावयाचे आहे, कारण माझी मुलगी तेच शिकते आहे. यात तीन पायऱ्या आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, यातून गावोगावच्या उपकेंद्रांतील आरोग्यसेविका होतात. जी.एन.एम. तीन वर्षांचा, यातून रुग्णालयातील सिस्टर, ज्यांना सरकारी कागदात अधिपरिचारिका म्हणतात. या दोहोंना बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय हवा, आणि जी.एन.एम.ला चाळीस टक्के गुण हवेत. म्हणजे कलाशाखेच्या मुलीलाही हे दार उघडे आहे! तिसरा बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचा, तो विज्ञानाच्या मुलींसाठी. त्याची राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा २०२३ पासून होऊ लागली. जी.एन.एम. झालेली मुलगी पुढे दोन वर्षांत बी.एस्सी. होऊ शकते, एम.एस्सी. करून शिकवू शकते, परिसेविका, अधिसेविका अशी वर चढू शकते. अलीकडे उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात, त्यांतही या मुली असतात. गावात रक्तदाब मोजणे, मधुमेहाची औषधे देणे, बाळंतिणीची विचारपूस, ही कामे त्या पाहतात.

हे मी घरी सांगितले तेव्हा जे झाले ते तुमच्याही घरी होईल, म्हणून सांगते. नात्यातल्या एक काकू खास भेटावयास आल्या. म्हणाल्या, "नर्स कराची व पोरीले? रात्रीबेरात्री कोणाच्या बी अंगाले हात लावा लागते माय. लगन कसं होईन तिचं?" मी त्यांना विचारले, "काकू, मागल्या साली तुमची बायपास झाली तेव्हा रात्री तुमचे अंग कोणी पुसले?" काकू चहा पिऊन गेल्या. रागावल्या नाहीत, पण पटलेही नसावे.

हा प्रश्न आजचा नाही. पुण्यास रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढले आणि घरंदाज बायकांना, विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यावयास पाठविले, तेव्हा केवढा गहजब झाला असेल! आपल्याकडे डॉ. आनंदीबाई जोशी यांची तसबीर शाळाशाळांतून लावतात, आणि लावावीच. कल्याणची ती मुलगी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि पुढल्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, रुग्ण तपासावयास बसण्याआधी गेली. पण कमलाताई होस्पेट हे नाव येथे किती जणींना माहीत आहे? हात वर करा बरे. (दोन हात.) पाहा!

कमलाताईंचे काम आपल्या विदर्भातले. लहान वयात वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येई ते आपल्या आज्यांना विचारावे. त्यांनी नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. मग १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह नागपुरात मातृसेवा संघ काढला. बाळंतपण तेव्हा घराच्या अंधाऱ्या खोलीत, बाजल्यावर, सुईणीच्या हातून व्हावयाचे; नाळ कशाने कापली याचा पत्ता नसे. अशा वेळी या परिचारिकेने लहानसे प्रसूतिगृह उघडले आणि बायकांना तेथे यावयास शिकविले. त्याची पुढे गावोगाव शाखा असलेली मोठी संस्था झाली. १९६१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्या डॉक्टर नव्हत्या, भगिनींनो, नर्स होत्या. आपल्यापैकी काहींच्या आया, आज्या अशाच एखाद्या प्रसूतिगृहात सुखरूप सुटल्या असतील. तरीही "नर्स" म्हटले की आपला चेहरा उतरतो. २०२० साली करोना आला तेव्हा आपण सगळ्यांनी दारात उभे राहून थाळ्या वाजविल्या होत्या, मीही वाजविली. ती थाळी कोणासाठी होती?

आता गोड बोलून तुम्हांला फसवावयाचे नाही. खाजगी लहान रुग्णालयांत सिस्टरांना पगार फार थोडा देतात, आणि काम बारा बारा तास. सरकारी भरती वेळेवर निघत नाही. पुष्कळ जागा कंत्राटी असतात आणि कंत्राटाला निवृत्तिवेतन नाही. रात्रपाळी चुकत नाही, लग्नानंतर तर ती सासरच्यांना समजावून सांगावी लागते. पायांच्या शिरा फुगतात. माझी मुलगी सुटीला आली की पहिले दोन दिवस नुसती झोपते. हे सगळे आहे. पण हातात असलेले काम कोठेही उपयोगी पडते. नवऱ्याची बदली झाली, उद्या काही बरेवाईट झाले, तरी ज्या गावी जाईल तेथे दवाखाना असतोच. केरळच्या मुली हे फार पूर्वी ओळखून आखातात आणि दूरदूरच्या देशांत गेल्या. आपल्या राज्य सरकारनेही २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मात्र तेथली भाषा शिकावी लागते. परदेशी पाठवितो म्हणून आधी पैसे मागणारा दलाल दारी आला तर त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

औषधनिर्माण शास्त्र, म्हणजे फार्मसी, हा मार्ग आपल्याकडच्या मुलींना सोयीचा आहे असे माझे मत झाले आहे. ते शिकविण्याची सोय आपल्या मलकापुरातही आहे. बारावी विज्ञानानंतर डी.फार्म. दोन वर्षांचा, बी.फार्म. चार वर्षांचा. याला नीट लागत नाही, बी.फार्म.साठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातूनच दिले गेले पाहिजे. म्हणजे औषधाचे दुकान काढावयाचे तर असा माणूस हवाच. मग ती बाई का नसावी? आपल्याला काही बायकांची औषधे पुरुषाकडे मागावयास संकोच वाटतो. काउंटरवर बाई असली तर किती बरे होईल, हा माझा मनातला स्वार्थ.

रक्त, लघवी तपासणारे, क्ष-किरण काढणारे, शस्त्रक्रियागृहात मदत करणारे, डायलिसिसचे यंत्र चालविणारे यांचे शिक्षण निराळे. आरोग्य विद्यापीठाने यासाठी बी.पी.एम.टी. नावाची पदवी काढली: तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम. ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकविली जाऊ लागली. अशा सर्व सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने कायदा करून राष्ट्रीय आयोग नेमला आहे; त्यामुळे नियम हळूहळू बदलत आहेत, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी. याखेरीज बहिऱ्यामुक्या मुलांना बोलावयास शिकविणारे, चष्म्याचा नंबर काढणारे, कृत्रिम हातपाय बसविणारे, अशी कितीतरी शिक्षणे आहेत. त्यांची मला फार माहिती नाही, म्हणून नुसती नावे सांगून पुढे जाते.

इतका वेळ बोलले, पण ज्यासाठी मुख्यतः उभी राहिले ते आता येते. मोताळा तालुक्यातील आमच्या ओळखीची एक मुलगी. बारावीनंतर एका संस्थेत "नर्सिंग" केले, एका वर्षात. चाळीस हजार रुपये भरले. आईने कानातली मोडली. सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळाले, त्यावर मोठा शिक्का. मुलगी नोकरीसाठी गेली तेव्हा विचारले, "नोंदणी क्रमांक?" तो कसला असतो हेच तिला माहीत नव्हते. कारण त्या शिक्षणाला परिषदेची मान्यताच नव्हती. आज ती एका दवाखान्यात मदतनीस म्हणून झाडझूड करते आणि सिस्टरच्या हाताखाली पट्ट्या पोचविते. प्रमाणपत्र आईने भिंतीवर लावले आहे, काढावयास जीव होत नाही.

शेत तुम्ही कितीही वर्षे कसा, सातबाऱ्यावर नाव नसेल तर ते तुमचे नाही, हे येथे कोणाला सांगावयास नको. या व्यवसायांचाही सातबारा असतो. डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषद, परिचारिकांची महाराष्ट्र परिचर्या परिषद, फार्मासिस्टांची राज्य औषधव्यवसाय परिषद, फिजिओथेरपिस्टांचीही राज्याची परिषद आहे. शिक्षण संपले की त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते आणि क्रमांक मिळतो. म्हणून कोणत्याही संस्थेच्या दारात पाऊल ठेवताच फी विचारण्याआधी हे विचारावे: "शिकून झाल्यावर मुलीचे नाव कोणत्या परिषदेत लागेल, आणि तुमच्या संस्थेचे नाव त्या परिषदेच्या यादीत कोठे आहे ते दाखवा." ज्याची संस्था खरी असेल तो लगेच दाखवितो. जो "ताई, ते नंतर पाहू, आज भरले तर पाच हजार सूट" म्हणेल, तेथून चप्पल घालून उठावे. सहा महिन्यांत, एका वर्षात, दहावी नापासालाही नर्स करून देतो असे फलक बसस्थानकाजवळ लागतात, त्यांच्याकडे पाहूही नये. परिषदांच्या याद्या संगणकावर सर्वांना पाहावयास मिळतात. घरातला कोणताही मुलगा मोबाइलवर पाच मिनिटांत काढून दाखवील.

पैशाचे म्हणाल तर एक चांगली गोष्ट झाली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवे, आणि प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून झालेला हवा; व्यवस्थापनाच्या कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या प्रवेशाला किंवा खाजगी विद्यापीठांना ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना त्यांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेतच. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र उरतो. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणी झालेले मजूर यांच्या मुलांसाठी. तो मिळतो का हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावे, आणि एकदा विचारून थांबू नये. याउपर कमी पडले तर लग्नासाठी जपून ठेवलेले तोळे आहेत. ते तिच्याच नावाने ठेवले आहेत ना?

पुन्हा परीक्षेला बसविण्याविषयी लोक माझे मत विचारतात. मला वाटते एक वर्ष द्यावे. दुसरे वर्ष द्यावयाचे ते गुण अगदी जवळ आले असतील तरच. आणि दोन्ही वर्षी नर्सिंगचा, फार्मसीचा अर्ज त्याच उन्हाळ्यात भरून ठेवावा. दार पुढे बंद झाल्यावर ठोठावू नये. अर्जाच्या तारखा उलटून गेल्या म्हणून घरी बसलेल्या मुली नापास झालेल्यांहून अधिक असतील असे मला वाटते.

आपल्यातल्या कित्येकजणी म्हणतील, आमचे वय गेले, आम्हांला याचा काय उपयोग? तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, तेव्हा गावोगावच्या अशिक्षित बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकविले. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या खेड्यातील बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यावयास शिकविले. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले, आणि हे १९९९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पाच ते दहा म्हणजे त्यात सातवीही आली, बरे का! २००५ पासून आपल्या गावांत आशाताई आहेत, त्यांचे काम याच वाटेवरचे. त्यांना मानधन मिळते ते कामाच्या मानाने तोकडेच आहे आणि त्यांना आपण दारात उभे करून बोलतो हेही चांगले नाही. इतके बोलून हा विषय सोडते, वेळ होत आला.

राहिले दाखले. मुलगी अकरावीत गेली की लागलीच या कामाला लागावे. अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, हे तहसीलमधून निघतात आणि जून महिन्यात तेथे पाय ठेवावयास जागा नसते. जातपडताळणीला तर महिनोन्महिने लागतात. तो अर्ज महाविद्यालयामार्फत आधीच करून ठेवावा. सगळ्या कागदांवर मुलीचे आणि वडिलांचे नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले आहे ना ते ताडून पाहावे. आमच्या मुलीच्या आधारावर आडनावात एक अक्षर जास्त होते, त्यापायी तीन फेऱ्या पडल्या.

माझी वही मंडळाच्या कपाटात ठेवते आहे. येत्या गुरुवारपासून दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मी येथे बसेन. ज्यांची मुलगी यंदा बारावीला आहे त्यांनी गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यावे, शक्य तर मुलीलाही आणावे. वडील आले तरी चालतील. अर्ज संगणकावर भरून द्यावयास आळीतल्या दोन मुली तयार आहेत, त्यांना चहापाणी मंडळाकडून. दाखल्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे. ज्यांना उतरून घ्यावयाची असेल त्यांनी कागद-पेन्सिल घरून आणावी, वही घरी नेऊ नये.